हरकत भिंतीवर घ्या, माणसावर नको

"तेरी मराठी अच्छी है, अर्जी तू लिख दे." मोहल्ल्यात हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. रेशन कार्डावरचे नाव चुकले, नळाला पाणी येत नाही, खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे, काहीही असो, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलापुढे कोरा कागद येतो. तुमच्यापैकी पुष्कळांपुढे येत असेल.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता असाच एक कागद माझ्याकडे आला. चार बुजुर्ग घरी आले, अम्मीने चहा ठेवला. आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर एक नवीन घर होणार होते. बांधकाम परवानगीचा अर्ज नगर परिषदेत गेला होता आणि त्यावर मोहल्ल्याची हरकत नोंदवायची होती. सह्या गोळा करायचे काम त्यांचे, मजकूर माझा.

घर बांधणारी बाई तलाकशुदा आहे. मी तिला आपा म्हणतो. शिवणकाम करून तिने मुलीला कॉलेजपर्यंत नेले. वडिलांनी हयातीतच तो प्लॉट तिला हिबा करून दिला, कब्जाही दिला. खाली स्वतः राहायचे आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायच्या, असा तिचा बेत. सरकारी दवाखान्यातल्या नर्स, बँकेतल्या मुली अशा भाडेकरू मिळतील, हप्ता निघेल, हा तिचा हिशोब.

मी विचारले, हरकत कशावर लिहू? एक म्हणाले, रस्ता अरुंद आहे. दुसरे म्हणाले, पाणी कमी पडेल. तिसऱ्यांनी खरे ते सांगितले: "बाहरकी लडकियाँ आयेंगी, मोहल्लेका माहोल बिगडेगा." चौथे काही बोलले नाहीत. ते आपाच्या भावाचे सासरे. वडिलांच्या मालमत्तेत बहिणीला वेगळा प्लॉट मिळाला हे त्या भावाला आजही पचलेले नाही. म्हणजे रस्ता आणि पाणी कागदावर येणार होते. माहोल आणि भावाची जळजळ कागदामागे राहणार होती.

मी नकार दिला. पण तो देताना माझी छाती काही फुगली नाही. याची कारणे दोन, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला हक्क नाही.

पहिले कारण असे की त्या घराबद्दल माझीही तक्रार होती. परवानगी यायच्या आधीच ठेकेदाराने प्लॉटवर फक्की मारली होती. नकाशात आमच्या बाजूला दीड मीटर सोडलेले होते, जमिनीवरची रेघ मात्र हद्दीपासून जेमतेम तीन फुटांवर. तिथे भिंत उभी राहिली की आमच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी अंधारात जाणार. शिवाय वरच्या मजल्याची गॅलरी थेट आमच्या अंगणावर, जिथे अम्मी दुपारी डोक्यावरची ओढणी बाजूला ठेवून तांदूळ निवडते. पन्नास सह्यांच्या अर्जात माझी ही तक्रार गुपचूप घालून देणे सोपे होते. मोहल्ल्याच्या रागावर स्वार होऊन माझे काम झाले असते.

दुसरे कारण जुने आहे. काही वर्षांपूर्वी मी असा अर्ज लिहिलेला आहे. मोहल्ल्याच्या टोकाला एका मेहतर बिरादरीच्या कुटुंबाने तुकडा विकत घेतला होता. कलमा तोच, किब्ला तोच. तरीही आमच्या शरीफ घरांना ते शेजारी नको होते. बिरादरीचे नाव तर कागदावर घेता येत नव्हते. मग मी "सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय नसल्याने परिसरातील नागरिकांच्या आरोग्यास धोका" असे झोकदार मराठी लिहिले. त्या गल्लीत निचऱ्याची सोय कुणाच्याच घराला नव्हती. सर्वांनी माझ्या भाषेचे कौतुक केले. त्या कुटुंबाची परवानगी रखडली, आणि कंटाळून त्यांनी तुकडा विकला. ते आता कुठे राहतात मला माहीत नाही. आपण मुसलमानांत जातपात नाही असे मी तेव्हा कॉलेजात मित्रांना छातीठोकपणे सांगत असे.

म्हणून हा लेख उपदेशाचा नाही. ज्याने एकदा पेन विकले त्याने लिहिलेला आहे.

आता मुद्द्याकडे येतो. शेजाऱ्याच्या बांधकामावर हरकत घेण्याचा हक्क माणसाला असावा का? जरूर असावा. घर ही खासगी गोष्ट असली तरी भिंत दोन बाजूंची असते. पण हरकत कशावर घ्यायची याला हद्द आहे, आणि ती हद्द कायद्याने बऱ्यापैकी आखून दिलेली आहे.

महाराष्ट्रात बांधकाम परवानगी मिळते ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. कलम ४४ प्रमाणे अर्ज करायचा, कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाने तो मंजूर, अटींसह मंजूर किंवा नामंजूर करायचा. नामंजूर केला तर कारणे लेखी द्यावी लागतात. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणारी परवानगी मिळाली असे मानले जाते. तपासायचे काय, तर मालकी, हद्द, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे, चटई क्षेत्र, उंची, पाणी-सांडपाण्याची व्यवस्था. या यादीत "मोहल्ल्याची मर्जी" कुठेही नाही. शेजाऱ्यांचे मतदान घेऊन घर मंजूर करायची तरतूद नाही. पन्नास सह्यांनी अरुंद रस्ता रुंद होत नाही, आणि नियमात बसलेला जिना नियमाबाहेर जात नाही.

शेजारी म्हणून तुमचे खरे नुकसान होत असेल तर मात्र एकच सही पुरते. नकाशा आणि आखणी जुळत नाही, हे सांगायला एक माणूस आणि एक टेप लागते. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणता येते. वीस वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेड-वाऱ्याला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे, म्हणजे ईझमेंट अॅक्टचे, संरक्षण आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा आहे. यातल्या एकाही वाटेवर शेजारीण तलाकशुदा आहे का, तिच्या भाडेकरू रात्रपाळी करतात का, हे विचारले जात नाही.

बुजुर्ग मला म्हणाले, "दीन में पडोसी का बडा हक है." खरेच आहे. पण ते वाक्य तिथेच थांबवून चालणार नाही. शेजाऱ्याने आपल्या भिंतीत तुळई रोवायला परवानगी मागितली तर त्याला अडवू नका, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. घर बांधणाऱ्या शेजाऱ्याशी कसे वागावे याचाच तो दाखला आहे, आणि त्याचा कल अडवण्याकडे नाही, जागा देण्याकडे आहे. कुणाला अपाय करू नये, अपायाचा बदला अपायाने घेऊ नये, हे तत्त्व फिक्हमध्ये पायाभूत मानले जाते. त्याच तत्त्वावर १८६९ ते १८७६ दरम्यान ऑटोमन राज्याने संकलित केलेल्या 'मजल्ला' या हनफी कायदासंहितेत शेजाऱ्यांच्या वादांची कलमे आली. नव्या बांधकामाने हवा थोडी कमी झाली किंवा समोरचा देखावा गेला, तर तो मोठा अपाय मानायचा नाही. खोलीचा उजेड पुरता बंद झाला तर तो मोठा अपाय. बायकांचा वावर असलेले अंगण, स्वयंपाकघर, विहिरीचा काठ नव्या खिडकीतून दिसू लागला तर तोही मोठा अपाय. पण त्यावर इलाज कोणता सांगितला? आड भिंत घाला, लाकडी पडदी लावा. खिडकी कायमची बुजवायलासुद्धा भाग पाडायचे नाही. शेजारी उठवून लावणे तर दूरच.

म्हणजे माझ्या अम्मीच्या अंगणाचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच्या मुस्लिम कायद्यालाही कळत होता, आणि त्याचे उत्तर एक जाळी एवढेच होते.

कुणी म्हणेल, शुफ्याचे काय? जागा विकली जात असेल तर परक्याआधी शेजाऱ्याला ती घेण्याचा हक्क हनफी फिक्ह देते. देते खरे. पण शाफई मत तो हक्क फक्त सहमालकापुरता ठेवते, आणि आपल्या कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत. तेव्हा शेजाऱ्याचा शुफा ही काही सर्व उम्मतीची एकमुखी आज्ञा नव्हे. त्यातही तो हक्क पैसे मोजून विकत घेण्याचा आहे. फुकटात दुसऱ्याचे घर अडवण्याचा नाही. आणि आपाचा प्लॉट तर विकलाच गेला नव्हता, तो हिबा होता.

या हक्काचा आपल्या देशातला शेवटही पाहून घ्या. १९६२ साली भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ शेजारपणावर आधारलेला अग्रक्रयाधिकार घटनाबाह्य ठरवला. १९६४ मध्ये संत राम विरुद्ध लाभ सिंग या निकालाने रूढीतून आलेल्या तशाच हक्काला हाच न्याय लावला. पहिल्या निकालातले कारण आपण मुसलमानांनी तरी पाठ करून ठेवावे. आशय असा की, या हक्काचा खरा हेतू परधर्माच्या, परजातीच्या माणसाला वस्तीत शिरू न देणे हा आहे, आणि घटनेच्या राज्यात असल्या विभागणीला सार्वजनिक हित म्हणता येत नाही.

हे कारण आपल्या बाजूचे आहे की नाही, सांगा. पुण्या-मुंबईत खोली शोधणाऱ्या किती मुलांना "नाव काय म्हणालात?" या प्रश्नानंतर फोन ठेवल्याचा आवाज ऐकू आला आहे! गुजरातेत १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली जाहीर झालेल्या भागात घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वडोदऱ्यात एका मुस्लिम महिलेला मुख्यमंत्री आवास योजनेत २०१७ साली घर मिळाले, आणि त्याच संकुलातल्या काही रहिवाशांनी ते रद्द करण्यासाठी लेखी हरकत घेतली. २०२४ मध्ये ही बातमी देशभर गाजली. ते अर्ज वाचले तर त्यांतही हेच आढळते: वातावरण बिघडेल, शांतता जाईल, इथले लोक वेगळे आहेत. 'वातावरण' म्हणा की 'माहोल' म्हणा, शब्द एकच आहे. तिकडे तो आपल्याविरुद्ध वापरला की आपण संविधानाची प्रत उंचावतो. इकडे तोच शब्द आपण आपाविरुद्ध, मेहतर कुटुंबाविरुद्ध कोऱ्या कागदावर लिहितो, तेव्हा ती प्रत कुठे ठेवतो?

इथे एक कायदेशीर बारकावा आहे, तो लपवू नये. अनुच्छेद १५ राज्यसंस्थेला बांधतो. खासगी सोसायटीला तो तितक्या सरळपणे लागू होत नाही. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व पारशांपुरते ठेवण्याची त्या संस्थेची मुभा मान्य केली. तो निकाल मला पटत नाही, पण तो आहे. मात्र नगर परिषद ही राज्यसंस्थाच आहे. "माहोल" या कारणासाठी तिने एखाद्या बाईची परवानगी अडवली, तर मोहल्ल्याचा पूर्वग्रह सरकारी शिक्का घेऊन फिरू लागतो. तो शिक्का उद्या कुणाच्या कागदावर बसेल हे आपण ठरवणार नाही.

यावर दोन आक्षेप आले. दोन्ही खऱ्या काळजीतून आलेले आहेत.

पहिला असा की बुलडोझरच्या दिवसांत आपल्याच माणसाच्या बांधकामाची तक्रार सरकारदरबारी न्यायची का? घरातली बात घरात मिटवावी. यातली भीती मला मान्य आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कारणे दाखवा नोटीस आणि १५ दिवसांची मुदत दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही. यावरूनच काळ कसा आहे ते कळते. पण मग खोट्या तक्रारीचा पहिला अर्ज कोण घेऊन आले होते? ज्यांना घरातली बात घरात ठेवायची होती तेच. आणि भीतीवरचा खरा उपाय गप्प राहणे हा नसून कागद पुरे ठेवणे हा आहे. मंजूर नकाशा, जोत्याची तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. आपल्या मोहल्ल्यांत घरे आधी उभी राहतात आणि कागद नंतर शोधले जातात. आपा आधी कागद करत होती. आपल्यातली एक बाई कायद्याने घर बांधायला निघाली आणि आपण तिलाच अडवायला निघालो, ही शरमेची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. बाहेरच्या मुली आल्या की पोरे गल्लीत घुटमळतील. मग पोरांना आवरा. नर्स मुलगी रात्रपाळी करून येते आणि तिच्यामुळे माहोल बिघडतो, पण कोपऱ्यावर बसून तिला न्याहाळणाऱ्यामुळे बिघडत नाही, हा हिशोब कुठला? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधान भवनावर गेल्या, तेव्हा त्यांनाही माहोल बिघडवणाऱ्याच म्हटले गेले असेल. तलाक मिळालेल्या बाईने कुठे जायचे, हा त्यांच्यामागचा प्रश्न होता. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ च्या निकालाने रद्द झाला. पण तलाक मिळालेल्या बाईने राहायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. ते आपाने स्वतः शोधले होते, वडिलांचा प्लॉट आणि शिवणयंत्राची कमाई यांतून.

शेवटी मी काय केले ते सांगतो. टेप घेऊन आपाकडे गेलो. फक्कीची रेघ दाखवली. ती म्हणाली, "मुझे तो ठेकेदार बोला नक्शेकेच हिसाबसे है." दोघांनी मिळून मोजले, चूक निघाली. मग मी एक पानाचा अर्ज लिहिला. मुद्दे दोनच: आखणी मंजुरीसाठी दिलेल्या नकाशाप्रमाणे व्हावी, आणि गॅलरीला आमच्या बाजूने जाळी असावी. सही एकट्याची. नगर परिषदेत देण्याआधी त्याची प्रत आपाला दिली. रेघ सरकली, जाळीही कबूल झाली.

मोहल्ल्याचा अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहिला. त्यावर पुष्कळ सह्या होत्या. फाइल थांबली. कार्यालयात आपाला सांगण्यात आले की आधी आपसात मिटवून या. तेव्हा ती माझ्याकडे कोरा कागद घेऊन आली. त्यावर मी लिहिले की परवानगी नाकारायची असल्यास कलम ४५ प्रमाणे कारणे लेखी कळवावीत, आणि अर्ज दाखल झाल्याची तारीखही घातली. लेखी कारण कुणालाच देता आले नाही. परवानगी आली.

घर आता स्लॅबपर्यंत पोचले आहे. आमचे स्वयंपाकघर दुपारनंतर पूर्वीपेक्षा अंधारलेले असते. दीड मीटर सोडले तरी भिंत ती भिंतच. अम्मी दिवा लवकर लावते आणि अधूनमधून मला ऐकवते. त्या चार बुजुर्गांपैकी दोघे सलामाला उत्तर देतात, दोघे देत नाहीत. एवढी किंमत आहे, आणि ती द्यावी लागते.

तुमच्याकडे असा कागद येईल तेव्हा लिहायला बसण्याआधी विचारा: नुकसान नेमके काय आणि ते मोजता येते का? ज्याच्याविरुद्ध लिहितो आहोत त्याच्याशी आधी बोललो का? आणि हेच घर आपल्या बिरादरीच्या, चांगल्या घरच्या पुरुषाचे असते तर हा कागद आला असता का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले तर पेन खाली ठेवा.

आणि हरकती घेण्याची हौसच असेल, तर तिला जागा आहे. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. शाळेचे, दवाखान्याचे, बागेचे आरक्षण आपल्या वस्तीत का नाही, गटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी का संपते, रस्ता नकाशात १२ मीटर आणि जागेवर चार मीटर का, हे तिथे विचारायचे असते. मुदतीत, लेखी, पोच घेऊन. मी त्या मेहतर कुटुंबाविरुद्ध सांडपाण्याचा अर्ज लिहिला, पण ज्या नगर परिषदेने आमच्या गल्लीत गटारच बांधले नाही तिच्याविरुद्ध कधी लिहिला नाही. तो मी आता लिहिला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत. आतापर्यंत नऊ झाल्या; पहिली आपाची आहे.